भिंतीतली गाठ

२६ एप्रिल, शनिवार

मारियोने सूर्य विकत आणला! सुपरमार्केटातून, शतावरीच्या दोन जुड्यांबरोबर. सोलरचं एक पॅनेल गाडीच्या टपावर, दुसरं मागच्या सीटवर, आणि बायको मागून ट्रामने. खालच्या मजल्यावरची बाल्कनी त्याची. दुपारी दोनपर्यंत दोन्ही पॅनेलं कठड्याला टांगून झाली आणि हा जिन्यात उभा राहून ओरडतोय, "सगळे मीटरपाशी या! लवकर या!"

आम्ही सगळे मीटरच्या कपाटासमोर. मी, चौथ्या मजल्यावरची ट्राउडेल (अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चार जिने उतरून आली, हातात पीठ तसंच), आणि अंगणात खेळणारी दोन-तीन पोरं. मारियोने आतून प्लग लावला. जुनं चकतीवालं मीटर आहे त्याचं, अजून बदललेलं नाही. चकती हळू झाली. थांबली. आणि मग—उलटी फिरायला लागली!

टाळ्या! ट्राउडेल म्हणाली, "आयुष्यभर ही मला एकाच दिशेने लुटत होती." मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. एकोणसत्तर वर्षांच्या बाईने चकतीकडे बघून नाचावं का? नाचले.

२७ एप्रिल

काल नाचले, आज भांडले. मारियोकडे कॉफीला गेले आणि सवयीने प्लग कुठे लावलाय ते बघितलं. स्वयंपाकघरातल्या पाच तोंडांच्या पट्टीत! त्याच पट्टीत फ्रिज, किटली आणि वॉफलचा तवा.

"मारियो, ट्राम चालवताना तू डोळे उघडे ठेवतोस ना?"

"चालतंय की सगळं! आणि ब्रेकर आहे ना, जास्त झालं की पडेल."

तिथेच तर मेख आहे. ब्रेकर म्हणजे दारावरचा वॉचमन. पुढच्या दाराने आत येणाऱ्यांना तो मोजतो—सोळा झाले की बस्स. पण बाल्कनीतून आणखी तीन-साडेतीन आत शिरले, ते त्याला दिसतच नाहीत. आत एकोणीस जण, वॉचमन म्हणतो सोळाच. ब्रेकर पडत नाही, तार मात्र तापत राहते. आणि आमच्या भिंतींतल्या तारा ॲल्युमिनियमच्या आहेत, एकोणऐंशी सालच्या! शहाण्णव साली सोसायटीने पेटीतले ब्रेकर तेवढे नवे बसवले. भिंतींना कुणी हात लावला नाही.

एवढं सगळं सांगितलं. मारियो डोकं खाजवत म्हणाला, "मग करू काय?" प्लग पट्टीत नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लाव. आणि सोळा अँपिअरचा ब्रेकर काढून दहाचा बसवून घे—तू नाही, मीही नाही, परवाना असलेल्या माणसाकडून. म्हणजे सूर्य धरूनही तारेला झेपेल तेवढंच वाहील. वॉफल करायचा तर किटली बंद.

"आणि जगभरची लाइट गेली तरी माझी बिअर गार राहणार, हे खरं ना?"

नाही. लाइट गेली की यंत्र स्वतःच झोपतं. झोपायलाच पाहिजे, नाहीतर बाहेर तार जोडणारा माणूस मरेल. मारियोचा चेहरा पडला. बिअरचं दुःख!

पण प्लग उपटला की त्याच्या पिना जिवंत राहतात, अशी त्याच्या बायकोला भीती होती. ती मी टेस्टर लावून घालवली. उपटला—क्षणात मेल्या. तिने तीनदा करून बघितलं.

१ मे

सगळ्यांनाच हवंय! जिन्यात दहा घरं, त्यातल्या सात घरांना. ट्राउडेल यादीत पहिली. तिची बाल्कनी दक्षिणेला, सगळ्यात वर, सावली कसली ती नाही. म्हणते, "पेन्शनीतून काही वाढत नाही, निदान उन्हातून तरी वाढू दे."

आणि यादी कोणाकडे? माझ्याकडे. माप घेणार कोण, सोसायटीला पत्र लिहिणार कोण, कुठल्या सॉकेटात प्लग बसवायचा ते सांगणार कोण? "रोझीला विचारा." दिवसभर बेल वाजतेय. कारखान्यातल्या मेंटेनन्समधे चौदा वर्षं मी इलेक्ट्रिशियन होते. तीन पाळ्यांतल्या पुरुषांना मी शिकवायचे. पूर्व जर्मनी संपली, मागोमाग एक्याण्णव साली कारखाना बंद झाला, आणि पुढची सत्तावीस वर्षं बेकरीच्या काउंटरवर पाव मोजले. पाव वाईट नव्हते. पण "आणखी काही हवंय का?" हे वाक्य सत्तावीस वर्षं बोलून बघा म्हणजे कळेल.

आज टेस्टर खिशात घालून जिना चढले तेव्हा गुडघा दुखलाच नाही.

९ मे

सोसायटीचं पत्र आलं. परवानगी मिळेल, पण अटी आहेत. त्यांची इलेक्ट्रिशियन येऊन प्रत्येक घर तपासणार. ठीक! दहाचे ब्रेकर, करंटची गळती झाली की लाइन तोडणारे ईएलसीबी वगैरे तीच बसवणार. उत्तमच! आणि मग शेवटची अट, अगदी खाली: जिन्यातल्या एका जरी घरात रहिवाशाने स्वतः केलेलं बेकायदा वायरिंग सापडलं, तर पूर्ण जिन्याचा अर्ज नामंजूर.

एकाने माती खाल्ली की सगळ्यांच्या तोंडात माती. ऑफिसात बसून हे कोणाला सुचतं?

सगळ्यांना मीटरपाशी बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. वर भाषण ठोकलं. जुन्या पट्ट्या काढा, लोंबत्या तारा काढा, घरात कोणी कधी हौसेने काही जोडलं असेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही. मारियो म्हणाला, "तू रागावणार नाहीस? मग मी लिहूनच घेतो."

१४ मे

घरोघर फिरते आहे. सॉकेटवर हाताचा तळवा ठेवायचा, गरम लागतं का बघायचं. तिसऱ्या मजल्यावर एक काळवंडलेला सॉकेट मिळाला, दुसऱ्यावर फिशटँकची भयंकर जोडणी. दोन्ही बंद करायला लावलं. ट्राउडेलकडे खसखशीचा केक होता. बसलो, गप्पा झाल्या, तिच्या पुण्याईने मी दोन तुकडे खाल्ले. तपासणी अर्धीच राहिली. तिच्याकडे काय असणार!

२० मे

तपासणी झाली. आज काही लिहीत नाही.

२१ मे

लिहावं लागेल. इथे नाही तर कुठे?

सोसायटीकडून आलेली लिओनी. एकोणतीस वर्षांची, केस वर बांधलेले, बुटांना सिमेंट. मला पाहताक्षणी आवडली. नऊ घरं पटापट झाली, कुठे काही नाही. मग चौथा मजला. ट्राउडेलच्या स्वयंपाकघरात धुण्याच्या मशीनच्या मागे, भिंतीतल्या कपाटाआड एक डबी. लिओनीने झाकण काढलं आणि शीळ घातली.

तांबं आणि ॲल्युमिनियम—नुसतं पिळून जोडलेलं! मधे क्लॅम्प नाही, काही नाही. वर कापडी तपकिरी टेप. टेप एका बाजूने भाजलेली. हे दोन धातू एकमेकांना पिळून जोडायचे नसतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. ॲल्युमिनियम हळूहळू खचतं, जोड ढिला होतो, ढिला जोड तापतो, आणि एक दिवस भिंत पेटते. लिओनीने तिथल्या तिथे ती लाइन पेटीतून काढून टाकली. बरं केलं.

"हे कुणी केलंय?"

आणि दारात उभा असलेला मारियो म्हणाला, "लोथार! आणखी कोण!"

सगळे हसले. लोथार म्हणजे ट्राउडेलचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली. ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवायचा आणि उरलेल्या वेळात फळ्या ठोकायचा. त्याने बाल्कनीत केलेलं शेल्फ एकदा मारियोच्या बापाच्या गाडीवर पडलं होतं. त्यामुळे जिन्यात काहीही मोडलं की लोथार. लिओनीने कागदावर लिहिलं: 'रहिवाशाने केलेलं वायरिंग.' म्हणजे संपलंच. सातही घरांचं संपलं.

ट्राउडेल टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत राहिली.

मी टेपकडे बघत होते. टेपचं शेवटचं टोक आत दुमडून शेपटी केलेली होती, पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून. कारखान्यात माझे उस्ताद त्यावरून मला ओरडायचे. दुसऱ्या कुणाला कधी असं करताना मी पाहिलेलं नाही.

तो जोड माझा आहे.

२२ मे

आठवलं सगळं. चौऱ्याऐंशी सालचा नोव्हेंबर. ट्राउडेलला नंबर लावून कितीतरी वर्षांनी मशीन मिळालं होतं, घरात जुळी पोरं, लंगोटांचा डोंगर. मशीनजवळ सॉकेट नाही. पाळी संपवून मी गेले. ॲल्युमिनियमची तार गावात कुठे मिळत नव्हती. कारखान्यातून दोन मीटर तांब्याची तार स्वेटरच्या आत गुंडाळून आणली. तेव्हा सगळेच आणायचे. क्लॅम्प नव्हता. म्हटलं, आत्तापुरतं पिळते, पुढच्या आठवड्यात क्लॅम्प आणून लावते. लोथारने मला पीचचे तीन डबे दिले. तेव्हा पीचचे डबे म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगून कळणार नाही.

पुढचा आठवडा आला नाही. एक्केचाळीस वर्षं झाली!

आणि मी मीटरपाशी उभी राहून भाषण ठोकतेय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

२४ मे, शनिवार

ट्राउडेलचं मशीन बंद, म्हणून ती धुणं घेऊन माझ्याकडे आली. मीच म्हटलं होतं ये म्हणून. दुसरं काय म्हणणार?

बादली ठेवली, बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पोरांचा फोन होता. कुणीतरी त्यांना कळवलं—बाबांमुळे सगळ्यांचं सोलर अडलं म्हणून. जुळ्यांतला एक म्हणाला, बाबा होतेच तसे."

आत्ता सांगावं. आत्ताच!

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? लोथारला आता काय फरक पडतो."

आणि मी कॉफी ओतली. सांगितलं नाही. भित्री आहे मी. चारशे व्होल्टच्या पेटीत हात घालणारी बाई, आणि स्वयंपाकघरात समोरासमोर बसून दोन वाक्यं बोलता येत नाहीत.

२८ मे

मारियो चिडलाय. पॅनेलं उतरवून ठेवायला सांगितलंय त्याला. त्याची बाल्कनी दात पडलेल्या तोंडासारखी दिसतेय. जिन्यात भेटला तर म्हणाला, "तुझी एवढी मेहनत, रोझी. आणि त्या तुतारीवाल्याने वरून पाणी फिरवलं."

"तुतारी नाही, ट्रॉम्बोन," मी म्हटलं. एवढंच म्हटलं!

३० मे

रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. केक मात्र खाल्ला. म्हणजे फार काही बिघडलेलं नसावं.

१ जून

हिशेब साधा आहे. मी गप्प बसले तर मेलेल्या माणसाच्या माथी खोटं. बोलले तर माझ्या माथी खरं. आणि जिन्याला दोन्हीकडून काही मिळत नाही, सोलर गेलं ते गेलंच. मग बोलायचं कशाला?

कारण ट्राउडेल टेबलावरचे चुरे गोळा करत होती. म्हणून.

पण खरं कारण मी का बोलत नाही, ते इथे लिहिते. कारखाना गेला, नवरा दुसरीकडे गेला, पोरगी न्युर्नबर्गला गेली. माझ्याकडे राहिलं एकच. 'रोझीला विचारा.' ते गेलं की मी कोण? दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी.

३ जून

ठरलं. फिंग्स्टनच्या सणाच्या शनिवारी अंगणात जेवण आहे, दरवर्षीसारखं. सगळे असतील. लिओनीलाही बोलावलं. तिने विचारलं, "काही विशेष आहे का, हेम्पेलबाई?" मी म्हटलं, "मुत्सब्राटेन आहे." लगेच येते म्हणाली.

७ जून, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवायचंय, म्हणून चहा करून बसले आहे. हाताला अजून धुराचा वास मारतोय.

दाराशी बर्चच्या फांद्या बांधलेल्या, अंगणात मारियो बर्चच्याच लाकडांवर मुत्सब्राटेन, म्हणजे डुकराच्या मांसाचे गोळे फिरवतोय. आमच्याकडे हे कुणी दुसऱ्या लाकडावर भाजलं तर त्याला गावातून हाकलतील. पोरं पाण्याच्या पाइपशी खेळत होती. ट्राउडेल निळ्या ब्लाउजमधे आली, ओठांना रंग लावून. कुण्या अर्धवटाने टोमणा मारलाच, "ट्राउडेल, आज लोथार असता तर भट्टीला वायर जोडली असती!" हसले. तीही हसली, जरासं.

मी खुर्चीवर उभी राहिले. गुडघा कुरकुरला. मारियो म्हणाला, "अरे देवा, भाषण!"

म्हटलं, "भाषण नाही. ट्राउडेलच्या भिंतीतला जोड लोथारने केलेला नाही. मी केलाय. चौऱ्याऐंशी साली. क्लॅम्प नव्हता म्हणून पिळला, आणि परत आलेच नाही. तुमचं सोलर माझ्यामुळे अडलं. लोथारने एक तारही पिळलेली नाही. त्याची माफी मागायची राहिली, ती मागते. ट्राउडेल, तुझीही मागते."

नुसती चरबी आगीत चरचरत होती. आता खाली कसं उतरायचं हेच मला कळेना, कारण खुर्ची हलत होती.

मग मारियो. हातात चिमटा, डोळे धुराने लाल. "म्हणजे पाच तोंडांच्या पट्टीवरून तू मला पाऊण तास झापलंस, तेव्हा—"

"हो."

"आणि मी ट्राम डोळे मिटून चालवतो असं म्हणालीस—"

"हो, मारियो."

"आई शप्पथ!" तो म्हणाला, आणि हसायला लागला. तो हसला म्हणून त्याची बायको, मग सगळेच. फिशटँकवाला तर बाकावर आडवा पडला. म्हणाला, "बाई, माझी जोडणी यापेक्षा बरी होती!" होतीच बरी. मान्य केलं. दोघांनी दोन बाजूंनी धरून मला खुर्चीवरून उतरवलं आणि कुणीतरी हातात बिअर दिली.

पण लिओनी हसत नव्हती. ताट बाजूला ठेवून माझ्याजवळ आली.

"हेम्पेलबाई, चौऱ्याऐंशी साली तुमच्याकडे इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र होतं?"

"पंचाहत्तर सालापासून आहे. अजून आहे. कपाटात, शिक्क्यासकट."

"मग हे रहिवाशाने केलेलं वायरिंग नाही," लिओनी म्हणाली. "प्रशिक्षित कारागिराने केलेलं जुनं, सदोष काम आहे. ते दुरुस्त करायची जबाबदारी सोसायटीची. ती अट इथे लागूच होत नाही."

मला समजायला वेळ लागला. मारियोला लागला नाही. त्याने चिमटा वर उडवला आणि ओरडला, "म्हणजे ती नापास झाली म्हणून आपण पास?"

"सदोष काम म्हणून लिहावं लागेल बरं का," लिओनी मला हळूच म्हणाली. "तुमच्या नावाने. फार सदोष."

"लिही!" मी म्हटलं. "ठळक अक्षरात लिही!"

ट्राउडेलने माझा हात धरला होता. कधी धरला ते आठवत नाही. तिचा हात खसखशीने चिकट होता, आणि तो तिने जेवण संपेपर्यंत सोडला नाही.

८ जून

थोडी जास्त झाली काल. पण डोकं दुखत असूनही हलकं आहे. हे कसं काय?

११ जून

मंजूर! सातही घरं! आणि पत्राखाली लिओनीची हाताने लिहिलेली ओळ: 'काम चालू असताना हेम्पेलबाईंनी हजर राहावं. तारा भिंतीतून कुठून जातात हे आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नाही.'

दोनदा वाचलं. मग पोरगीला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, शिडीवर चढू नकोस." चढणारच आहे.

१३ जून

बेकरीत गेले होते, पाव घ्यायला. काउंटरवरची नवी मुलगी म्हणाली, "आणखी काही हवंय का?" म्हटलं, "नाही बाई, आता सगळं आहे."

१७ जून

जिन्यात आता माझं नवं नाव पडलंय. 'पिळणारी.' मारियोने पाडलं. मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना खालून ओरडतो, "रोझी, नीट पीळ गं! तुला जमतं!" मीही वरून उत्तर देते. काय देते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि गंमत म्हणजे बेल अजून वाजतेच. काल तिसऱ्या मजल्यावरची आली, दिवा लुकलुकतोय म्हणून. मी म्हटलं, "अजून माझ्यावर विश्वास आहे?" म्हणाली, "आता जास्त आहे. आता तुम्ही दोनदा बघाल." बघितलं. दोनदा नाही, तीनदा. होल्डर ढिला होता.

२१ जून, शनिवार

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आणि सातही बाल्कन्यांत सूर्य! लिओनी सकाळी सात वाजता आली, मी पावणेसातला तयार. प्रत्येक पेटीत दहाचा ब्रेकर, शेजारी ईएलसीबी, प्लग थेट सॉकेटात. पट्टी दिसली की मी ओरडते, लिओनी नुसती भुवई उचलते. तिच्या भुवईला लोक जास्त घाबरतात. दुसऱ्या मजल्यावर कोणती तार कुठून वळते ते मी डोळे मिटून भिंतीवर बोटाने दाखवलं. तिने डिटेक्टर लावला. बरोब्बर! म्हणाली, "तुम्ही हे सगळं डोक्यात कसं ठेवलंत?" मला काय माहीत. पावाच्या खाली राहिलं असेल.

दुपारी सगळी मीटरं एकामागोमाग थबकली. सहा चकत्या उलट्या! फक्त फिशटँकवाल्याकडे नवं आकड्यांचं मीटर, ते उलटं जात नाही, नुसतं शून्य दाखवतं. तो बिचारा रुसला. पोरांनी प्रत्येक मीटरसमोर उभं राहून आकडे मोजले. ट्राउडेलचं पॅनेल सगळ्यात जोरात. म्हणाली, "बघ, पेन्शनीत भर पडली!"

तिच्या स्वयंपाकघरातली लाइन तेवढी राहिली. पूर्ण नवी ओढायची आहे, तांब्याची, वेगळ्या ब्रेकरसकट. ते सोमवारी. क्लॅम्प मी स्वतः विकत आणले. लागणार नाहीत, तरी आणले.

२२ जून

रविवार. कुणीही मशीन लावायचं नाही, ड्रिल नाही, हातोडा नाही. रविवारी आवाज करायचा नाही, नियम म्हणजे नियम. दिवसभर बाल्कनीत बसून ऊन फुकट जातंय का ते बघत राहिले. जात नव्हतं.

२३ जून, सोमवार

लाइन झाली. लिओनी गेली. ट्राउडेलचं मशीन पहिल्यांदा नव्या सॉकेटवर. मी म्हटलं, "लाव साठ डिग्रीवर." ती बटणाकडे बघत उभी राहिली.

म्हणाली, "रोझी, चौतीस वर्षं मी तीसच्या वर नेलं नाही. पाणी तापवायला लागलं की भिंत तापायची."

ती सांगत होती, जोड तापतो हे लोथारला एक्याण्णव साली कळलं होतं. तारेला हात लावायला तो घाबरायचा. म्हणून मशीन चालू असलं की भिंतीवर तळवा टेकून उभा राहायचा. बंद होईपर्यंत. दर धुण्याला. तो गेल्यावर ती उभी राहायची.

"मला का नाही बोलावलंत? दोन मजले खाली तर होते मी!"

"तुझा कारखाना त्याच महिन्यात बंद झाला होता. लोथार म्हणाला, तिच्याकडे आता एवढंच उरलंय. ते आपण घ्यायचं नाही."

मशीन सव्वा तास चाललं. तळव्याला भिंत गार लागत होती. मी हात काढला नाही.